जुन्या पिकअपचा डिझेल काटा बिघडला? मीटरआधी अर्थिंगची वायर तपासा

सोयाबीनच्या हंगामात अंबाजोगाईहून लातूरच्या मार्केट यार्डाला माल घेऊन निघालो होतो. काटा अर्ध्यावर. बर्दापूरच्या पुढे गाडीने दोन झटके दिले आणि बंद पडली. टाकी कोरडी होती. कॅनने डिझेल आणून ओतलं तरी ती लगेच चालू होईना, कारण डिझेल इंजिनाने एकदा एअर घेतली की फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, हातपंप मारून ती काढावी लागते. बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तास गेला. वाईट याचं वाटलं, की महिनाभर आधीच एका गॅरेजमध्ये नवा मीटर बसवून घेतला होता. दोष मीटरमध्ये नव्हताच, टाकीजवळची अर्थची (म्हणजे करंट चेसिसमधून, गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून, बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) वायर गंजली होती.

म्हणून सांगतो, सुरुवात फुकटच्या तपासणीपासून करा.

या यंत्रणेत अर्थ सोडली तर तीनच गोष्टी आहेत: टाकीतलं फ्लोटचं (तरंगत्या गोळ्याचं) युनिट, डॅशबोर्डवरचा मीटर आणि दोघांना जोडणारी वायर. डिझेलबरोबर फ्लोट वर-खाली होतो, त्याची दांडी युनिटमधल्या पट्टीवर सरकते आणि विजेला होणारा रोध बदलतो. मीटर तो रोध मोजून काटा हलवतो. काही गाड्यांत टाकी भरली की रोध कमी होतो, काहींत वाढतो. माझ्या गाडीत वाढतो. त्यामुळे अर्थच्या गंजाने वाढलेला रोध मीटरला डिझेलच वाटत होता आणि रिकाम्या टाकीला काटा अर्धी दाखवत होता.

आधी चावी फिरवून बाकीचे मीटर बघा. इंजिनाच्या तापमानाचा काटाही मेला असेल तर फ्यूज किंवा मीटरला येणारा करंट तपासा, टाकीला हातच लावू नका. जुन्या गाड्यांत काटा सावकाश वर चढतो, तो बिघाड नाही. अर्धा मिनिट थांबा.

फक्त डिझेलचाच काटा बिघडला असेल तर गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा आणि खाली वाका. टाकीच्या युनिटपासून एक वायर चेसिसला बोल्टने धरलेली सापडेल. काही गाड्यांत ती कपलरमधूनच (वायरी जोडायच्या प्लगमधूनच) पुढे जाते. आपल्याकडच्या पांदीचा चिखल आणि काळ्या मातीचा फुफाटा त्या बोल्टवर थरावर थर बसतो. माझ्या गाडीचा बोल्ट सोडला तेव्हा वायरच्या टोकाची रिंग हिरवी पडली होती आणि बोटाने चोळताच तिचा भुगा झाला. रिंग नवी लावा, चेसिसची जागा पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा. कपलरच्या पिनाही घासून घ्या. खात्री करायची असेल तर युनिटच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जादा वायर तात्पुरती लावून बघा. काटा जागेवर आला तर दोष अर्थचाच.

तरीही फरक पडला नाही तर मीटरची परीक्षा घ्या. युनिटचा कपलर काढा आणि चावी चालू करा. काटा एका टोकाला जायला हवा. आता मीटरकडून येणारी वायर १२ व्होल्टच्या छोट्या बल्बमधून चेसिसला टेकवा. काटा दुसऱ्या टोकाकडे सरकला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक आहेत. बल्ब मध्ये घ्यायचाच, सरळ टेकवून धरलं तर मीटरची कॉइल जळू शकते. ठिणगी उडू शकते, म्हणून हे टाकीच्या तोंडापासून लांब करा. काटा हललाच नाही तर वायर कुठे तुटली ते शोधा आणि मगच मीटरकडे वळा. पूर्ण डिजिटल मीटरच्या गाडीवर हा प्रयोग करू नका.

उरलं टाकीतलं युनिट. इथे घाई नको. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो, म्हणजे त्याच्या पुढच्या तापमानात त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४० च्या वर असतो. तेव्हा हे काम सकाळी, मोकळ्यावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून करा. जवळ बिडी-काडी नको, मोबाईलही लांब ठेवा. गाडी पेट्रोलची असेल तर टाकी घरी उघडू नका, गाड्यांच्या वायरमनकडेच न्या.

युनिटभोवतीची माती आधी पुसून काढा, नाहीतर सगळी टाकीत पडते. स्क्रू सोडून युनिट तिरकं करत बाहेर घ्या, दांडी वाकवू नका. फ्लोट कानाजवळ धरून हलवा. आत खळखळ आवाज आला तर त्यात डिझेल शिरलंय, तो बुडूनच राहणार. मल्टीमीटर रोधावर ठेवून दांडी हळूहळू वर-खाली करा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उडी मारली किंवा गायब झाला तर पट्टी झिजली आहे. काटा एका जागी थरथरतो तो बहुधा यानेच. अशी पट्टी घासून चार दिवस चालते, पण मी नवं युनिट घेण्याच्याच मताचा आहे. बसवताना रबरी पॅकिंग नवं टाका.

सगळं जोडून झाल्यावर टाकी जवळजवळ रिकामी असताना ५-५ लिटर डिझेल टाकत जा. प्रत्येक वेळी गाडी सपाट ठेवून, काटा स्थिरावला की मीटरच्या काचेवर चिकटपट्टीची बारीक खूण करा. माझ्या गाडीत पहिली खूण लाल रेघेच्या बरीच वर आली. आता काटा त्या खुणेला टेकला की मी पुढच्याच पंपावर गाडी वळवतो.