डिटेक्टिव्ह व्हायचंय? मग आधी या चुका टाळा

"मॅडम, डिटेक्टिव्हचं लायसन्स कुठे काढायचं?" नाशिकमधली नवीन पोरं मला सगळ्यात आधी हेच विचारतात आणि गडबड तिथूनच सुरू होते. असं लायसन्स आपल्याकडे नाहीच. २००७ मध्ये राज्यसभेत प्रायव्हेट डिटेक्टिव्ह एजन्सींसाठी एक विधेयक आलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही, पुढे ते मागेच घेतलं गेलं. आता कुणी तुम्हाला पंधरा हजारात ऑनलाइन कोर्स करून "सरकारमान्य डिटेक्टिव्ह लायसन्स" देतो म्हणत असेल तर तो तुम्हाला कागद विकतोय, बाकी काही नाही. दुसरा घोळ 'पसारा' (PSARA) नावाच्या कायद्याखालच्या लायसन्सचा. तो २००५ चा कायदा सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सींसाठी आहे, तपासाच्या कामाशी त्याचा संबंध नाही. तरी लोक तेच लायसन्स फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि क्लायंटला दाखवतात, हे चुकीचं आहे, करू नका.

लायसन्स नाही म्हणजे मोकळं रान आहे असं वाटणं ही याहून मोठी चूक. लायसन्स नाही म्हणजे तुम्हाला कसलाही जादा अधिकार नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॉलनीतल्या कुठल्याही काकांना जेवढा अधिकार तेवढाच तुम्हाला, आणि जे केल्यावर काकांवर गुन्हा दाखल होईल ते केल्यावर तुमच्यावरही होईल.

सीडीआर विकत घेणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण दर वर्षी कुणीतरी नवीन पोरगा यात अडकतोच. सीडीआर म्हणजे कुणी कुणाला कधी फोन केला, किती वेळ बोलला, कुठल्या टॉवरखाली होता याची यादी. टेलिग्रामवर "कोणत्याही नंबरचा सीडीआर, दोन दिवसांत" अशा जाहिराती फिरत असतात. २०१८ मध्ये ठाणे क्राइम ब्रँचने याच प्रकरणात खासगी डिटेक्टिव्हांना अटक केली, पेपरात रोज बातम्या होत्या, तेव्हा या लाइनमधले सगळे घाबरले, आणि आताची पोरं ते विसरून परत तेच करतायत. आता तर २०२३ चा टेलिकॉम कायदा आहे, त्याचं कलम ४२ जून २०२४ पासून लागू झालंय. मोबाईल कंपनीचा डेटा परवानगीशिवाय मिळवला किंवा मिळवायचा नुसता प्रयत्न केला तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पिंपळगावकडचे एक द्राक्ष व्यापारी होते. त्यांना संशय होता की ऑफिसातलं कुणीतरी त्यांचे खरेदीचे रेट समोरच्या पार्टीला आधीच सांगतंय. त्यांनी काम एका नवीन मुलाला दिलं, मुलगा हुशार पण घाई प्रचंड. त्याने सरळ मॅनेजरच्या नंबरचा सीडीआर टेलिग्रामवरून घेतला, एक्सेल शीट आली, त्यात समोरच्या पार्टीचा नंबर चार-पाच वेळा दिसत होता, झालं, केस सुटली म्हणून त्याने ती शीट प्रिंट करून शेठच्या हातात दिली. शेठने ती सगळ्या स्टाफसमोर मॅनेजरच्या तोंडावर फेकली. मॅनेजरने प्रिंट शांतपणे उचलली आणि थेट पोलीस स्टेशन गाठलं. तिथे पहिला प्रश्न आला तो रेट कोणी फोडले हा नव्हता, ही शीट आली कुठून हा होता. शेठने हात वर केले, म्हणाले मी फक्त शोधून काढ म्हटलं होतं, असं काही करायला सांगितलं नव्हतं. मुलाचा मोबाईल, लॅपटॉप सगळं जप्त. आणि नंतर कळलं की शीटमधल्या दोन तारखांना मॅनेजरचा फोन दुरुस्तीला दुकानात पडलेला होता, म्हणजे विकणाऱ्याने आकडे मनानेच भरले होते.

मुलगा माझ्याकडे रडत आला तेव्हा मी आधी त्याला वकिलाकडे पाठवलं. शेठ मात्र नंतर स्वतःच आले, रेट अजून फुटतच होते. त्यांना मी सांगितलं, संशय असलेल्या तिघांना उद्याचे तीन वेगवेगळे रेट सांगा, प्रत्येकाला एकट्याला गाठून, सहज बोलता बोलता, आणि कुणाला कुठला सांगितला ते वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी बाजारात कुठला आकडा फिरतोय ते बघा. आकडा फिरला आणि तो मॅनेजरला सांगितलेला नव्हताच, वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसाला सांगितलेला होता. खर्च काहीच नाही, कायदा मोडायची गरज नाही, आणि ज्याच्यावर शीट फेकली तो बिचारा निर्दोष निघाला.

सीडीआर खरंच लागणार असेल, म्हणजे कोर्टात केस चालूच असेल, तर वकिलामार्फत अर्ज करून कोर्टाकडून मागवायचा. कंपन्यांना तो रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवावा लागतो, त्यामुळे अर्जाला उशीर करू नका एवढंच.

का शोधायचंय ते न विचारणं

ही चूक माझ्या दृष्टीने सीडीआरपेक्षा भयंकर आहे कारण इथे माणसाचा जीव जाऊ शकतो. सिडकोत नवीन ऑफिस टाकलेल्या एका मुलाकडे बाहेरगावचा माणूस आला. बहीण घरातून निघून गेलीय, आईने अन्न सोडलंय, काहीही करून शोधा, पैसे आगाऊ घ्या. फोटो दिला, जुना नंबर दिला, डोळ्यात पाणी. मुलाने खरंच छान काम केलं, तिच्या जुन्या मैत्रिणी, पार्सलवाली पोरं, रूम भाड्याने देणारे एजंट सगळीकडे विचारत पाथर्डी फाट्याजवळची खोली शोधून काढली. पत्ता द्यायच्या आधी त्याने मला फोन केला तो फक्त बिल किती लावू हे विचारायला. मी म्हटलं, मिसिंगची तक्रार केलीय का त्यांनी? म्हणाला विचारलं नाही. पोरीचं वय? तेवीस. अरे मग तेवीस वर्षांची बाई स्वतःच्या पायाने घरातून गेली असेल तर तिचा पत्ता तू कुणाला आणि कशाला देतोयस?

मी त्याच्याबरोबर गेले. दार अर्धंच उघडलं, साखळी लावलेली, आणि मागे तिचा नवरा हातात मॅरेज सर्टिफिकेटची झेरॉक्स घेऊन उभा, बहुतेक ते ती झेरॉक्स दाराजवळच ठेवत असावेत. जात वेगळी. ती एवढंच म्हणाली, ताई पत्ता नका देऊ, दादा मारून टाकेल. आम्ही त्यांना पोलीस स्टेशनला घेऊन गेलो, तिने सज्ञान असल्याचा आणि स्वखुशीने लग्न केल्याचा जबाब दिला, आणि घरच्यांना जे कळवायचं ते पोलिसांनी कळवलं. मुलाने आगाऊ घेतलेले पैसे परत केले. सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्पेशल सेल आणि सुरक्षित घराबद्दल सूचना दिल्यात, या लाइनमधल्या प्रत्येकाने तो निकाल वाचायलाच हवा.

माझी सवय सांगते. सज्ञान माणूस शोधायचा असेल तर आधी मिसिंग तक्रारीची प्रत बघते. क्लायंटचं ओळखपत्र घेते, कशासाठी शोधायचंय ते त्याच्याच अक्षरात लिहून सही घेते. आणि माणूस सापडला की आधी त्या माणसाला विचारते, पत्ता देऊ का म्हणून. तो नको म्हणाला तर विषय संपला. यात कामं हातची जातात, जाऊ देत. घरातल्या मारहाणीतून निघून माहेरी किंवा मैत्रिणीकडे लपलेल्या बाईचा नवराही असाच हात जोडून समोर बसतो, हे लक्षात ठेवा.

पोलीस असल्याचं भासवणं

सोसायटीच्या वॉचमनला "क्राइम ब्रँचमधून आलोय" म्हणणं. आयकार्डवर तीन सिंह छापणं. गाडीवर पोलिसांसारखी पाटी. तिन्ही बंद करा. लोकसेवक असल्याची बतावणी केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली कमीत कमी सहा महिने कैद आहे, आणि राजमुद्रेचा गैरवापर रोखणारा २००५ चा कायदा वेगळा. वॉचमनशी नीट बोललात, चहा पाजलात तर तो तसंही सगळं सांगतो.

अजून एक, पोलीस अकॅडमी इथेच त्र्यंबक रोडला आहे म्हणून तिथे डिटेक्टिव्हचा कोर्स मिळेल असं काहींना वाटतं. ती पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी आहे.

पाठलाग आणि स्टॉकिंग

न्याय संहितेचं कलम ७८ नीट वाचा. बाई नको म्हणतेय हे दिसत असूनही तिच्या मागे जाऊन परत परत संपर्क साधायचा प्रयत्न करणं, किंवा ती इंटरनेट, ईमेल, चॅट काय वापरते यावर नजर ठेवणं, हे स्टॉकिंग आहे. यातून सूट आहे ती सरकारने गुन्हे रोखायचं काम ज्याच्यावर सोपवलंय त्याला. तुमच्यावर ते तिच्या नवऱ्याने सोपवलंय, सरकारने नाही. त्यामुळे बायकोच्या फोनमध्ये ॲप टाकून देतो असं कुठल्याही नवऱ्याला कबूल करू नका, त्यात आयटी कायद्याचं कलम ६६ पण येतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बेडरूममध्ये, हॉटेलच्या खोलीत कॅमेरा लावायचा विचारसुद्धा करू नका.

आणि आपल्या नाशिकपुरतं सांगायचं तर कॅमेरा कुठे काढताय ते बघा. देवळालीचं तोफखान्याचं स्कूल, ओझरचं एचएएल, नाशिकरोडची नोट प्रेस आणि सिक्युरिटी प्रेस, या भागात मोठी लेन्स घेऊन गाडीत बसलात तर तुमचाच तपास सुरू होईल. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून लागू आहे. टार्गेट त्या बाजूला वळलं की आम्ही कॅमेरा बॅगेत टाकतो, फक्त वहीत वेळ लिहितो.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ फाइल डिलीट करणं

हे इतक्या वेळा बघितलंय की आता ओरडायचाही कंटाळा आलाय. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, कधी कुठे काढला ही आतली माहिती निघून जाते, आणि मग मेमरी फुल झाली म्हणून मूळ फोटो उडवलेला असतो. वकील विचारतो मूळ कुठे आहे, सगळे गप्प. जालन्याच्या निवडणुकीवरून सुप्रीम कोर्टात गेलेलं अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरण आठवतंय का? २०२० च्या त्या निकालात कोर्टाने स्पष्ट केलं की मूळ उपकरणच हजर करत नसाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर सर्टिफिकेट लागणारच. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ आहे, सर्टिफिकेटचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-कोड, लिहावी लागते.

मी काय करते तर प्रत्येक केसला नवीन मेमरी कार्ड, काम झालं की त्याच रात्री कॉपी करून हॅश काढायची, कार्ड पाकिटात सील करून तारीख आणि सही. सोबत पान नंबर छापलेली वही, पान फाडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहायचं. कार्डाचे पैसे क्लायंटच्या बिलात दाखवते आणि आजवर कुणी कुरकुर केलेली नाही.

बारीकसारीक

लेखी करार न करता काम घेऊ नका. माणसं मोजकीच असतील तरी २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्यावी लागते, ती द्या. वर्षाला वीस लाखांच्या वर गेलात तर जीएसटी. सापडलेली माहिती दाखवून समोरच्याकडे पैसे मागितलेत तर ती खंडणी आहे. २०१८ पासून व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही पण घटस्फोटाचं कारण आहेच, क्लायंटला "आत टाकू" असलं आश्वासन देऊ नका.

शिकायचं काय मग? जमत असेल तर एलएलबी करा, तीन वर्षं लागतात म्हणून तोंड वाकडं करू नका. ते नसेल तर न्याय संहिता, साक्ष्य अधिनियम आणि आयटी कायदा मराठीतून तरी वाचा. सातबारा वाचता आला पाहिजे, फेरफार वाचता आला पाहिजे, नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीखताचा वगैरे उतारा) काढता आला पाहिजे, ई-कोर्ट्सवर नावाने केस शोधता आली पाहिजे. लग्नाआधीच्या चौकशीतलं अर्धं काम यातच होतं आणि हे सगळं उघड, कायदेशीर आहे. जासूसी पेन आणि बटण कॅमेऱ्यावर वीस हजार घालवून आलेल्या मुलाला सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना दाखवला की तो काय आहे हे सांगता येत नाही, आणि नवऱ्या मुलाच्या जमिनीवर सोसायटीचं किती कर्ज आहे ते तिथेच लिहिलेलं असतं.

माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्याला मी आधी सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, एका बाकावर तासभर बसवते, मोबाईल माझ्याकडे, हातात वही आणि पेन. काय दिसलं ते लिहून आण. "एक संशयास्पद इसम फिरत होता" असं लिहून आणलं की परत पाठवते. "५:१०, निळा शर्ट, डाव्या हातात पांढरी पिशवी, सिन्नर गाडीच्या दोन फेऱ्या सोडल्या, तिसरीत बसला" असं लिहायचं. कोर्टात उलटतपासणीत संशयास्पद या शब्दाच्या चिंध्या होतात आणि रिपोर्टमध्ये "चारित्र्य बरं नाही" लिहिलंत तर बदनामीचा दावा तुमच्यावर येतो. ज्यांना असं तासभर बसवत नाही त्यांनी हे क्षेत्र निवडू नये. ज्यांना जमतं त्यांनी जरूर या, येताना पान नंबर छापलेली वही घेऊन या, मेन रोडला स्टेशनरीच्या दुकानात रजिस्टर म्हणून मागितली की मिळते.