गावच्या जुन्या पेठेची नोंद कशी करावी

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. जुन्या दुकानांची माहिती लिहायला घेतली तेव्हा मी आधी एका आडत्याकडं गेले आणि विचारलं, "दुकान कोणत्या साली निघालं?" त्यांनी पाटीवरचं साल सांगितलं, मी लिहून घेतलं. पुढं त्यांच्याच माळ्यावर त्याच्या कितीतरी आधीची खतावणी निघाली.

म्हणून साल विचारूच नका. "रझाकाराच्या आधी की नंतर?", "बहात्तरच्या दुष्काळात दुकान उघडं होतं का?", "तुमचं लगीन झालतं का तवा?" असं विचारा. अशानं माणूस बरोबर जागेवर येतो.

जुनी वही हाती आली तर पानं थुंकी लावून उलटू नका. दारातल्या उजेडात धरून फोटो काढा. मोडी वाचणारं माणूस नंतर शोधता येतं. १३५७ असं साल दिसलं तर ते फसली, म्हणजे निजामाच्या सरकारी कारभारातलं साल. त्यात ५९० मिळवा, १९४७ येतं. निजामाच्या राज्यात हे वर्ष ऑक्टोबरात लागायचं, त्यामुळं १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे आपल्या मुक्तीचा दिवस, १३५७ मध्येच पडतो. रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयात आहे, की कलदार, म्हणजे इंग्रजांच्या रुपयात, तेही बघा. सात हालीला सहा कलदार असा साधारण हिशेब होता. हे न पाहता भाव मांडलात तर सगळंच चुकतं.

मापाचंही तसंच. "पायलीभर ज्वारी" एवढंच लिहून भागत नाही. कुणाच्या घरी जुनी पायली असेल तर ज्वारीनं भरून काट्यावर ठेवा, एकदा सपाट आणि एकदा शीग लावून, म्हणजे काठावर ढीग करून. देणाऱ्यानं सपाट दिलं की शिगेनं, यावरच पेठेत एखाद्या दुकानाचं नाव चांगलं किंवा वाईट व्हायचं.

वहीत नाव नसलेली माणसं मात्र मुद्दाम शोधा: हमाल, मापाडी, बाजाराला पाल ठोकणाऱ्या बायका. मला पेठ खरी कळली ती एका म्हाताऱ्या मापाड्याकडून. रिकाम्या हातांनी ओंजळ करून त्यांनी मोजून दाखवलं, "लाभ, दोन, तीन..." पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. दिवसभर मोजून संध्याकाळी घसा बसायचा, असं सांगताना त्यांचा हात नकळत गळ्याकडं गेला. अशा वेळी मधे बोलू नका. रेकॉर्डिंग चालू राहू द्या, पण त्यांना आधी विचारून.

शेवटी कागदावर पेठेचा नकाशा काढा, वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत, दुकान शेजारी दुकान. मग तो सगळ्यांना वाचून दाखवा. ही पायरी टाळू नका. मी दाखवला तेव्हा बांगड्या विकणाऱ्या मावशी लगेच म्हणाल्या, "माझं पाल लिंबाखाली नव्हतं गं, चिंचेखाली होतं. लिंबाखाली कुंभारीण बसायची." मी तिथंच खोडून झाड बदललं आणि कुंभारणीचं नाव विचारून घेतलं.