शाश्वततेवर वाद घालायचा तर आधी ठराव नीट लिहा

‘शाश्वतता शक्य आहे का?’ असा ठराव ठेवला की दोन्ही बाजू तासभर वेगवेगळ्याच गोष्टींवर बोलत राहतात. म्हणून पहिली वीस मिनिटं ठराव दुरुस्त करण्यात घालवा. काय टिकवायचं, किती काळ आणि कोणत्या हद्दीत, हे त्यात आलंच पाहिजे. ‘शेती शाश्वत होऊ शकते’ हा ठराव कुचकामी. ‘या खोऱ्यातला भूजलाचा उपसा पुढची 50 वर्षं वार्षिक पुनर्भरणाच्या आत ठेवता येईल’ यावर मात्र भांडता येतं, कारण तो खोटा ठरू शकतो.

संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाची शाश्वत विकासाची 1987 ची व्याख्या कुणीतरी काढणारच: भावी पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं. ऐकायला छान, पण जंगल तोडून त्या पैशातून कारखाना उभारला तर पुढच्या पिढीची भरपाई झाली का, याचं उत्तर तिच्यात नाही. झाली म्हणणारे ‘दुर्बल’ शाश्वतता मानतात. निसर्गाच्या काही देण्यांना पर्यायच नसतो म्हणणारे ‘सबल’. प्रत्येक वक्त्याने आपण यातले कोण, ते पहिल्याच मिनिटात सांगावं. नाहीतर अडचण आली की लोक गुपचूप बाजू बदलतात.

मग हर्मन डेली या अर्थशास्त्रज्ञाच्या तीन कसोट्या फळ्यावर लिहा. नवीकरणीय साधनं पुन्हा तयार होण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वापरायची नाहीत. अनवीकरणीय साधनं संपवण्याचा वेग पर्याय उभे राहण्याच्या वेगाच्या आत हवा. प्रदूषण निसर्ग पचवू शकेल तेवढंच.

यापुढे गणित. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण वस्तूमागचा वापर आणि एकूण वापर यांची सरमिसळ होते. समजा, एका वस्तूमागे लागणारी ऊर्जा दरवर्षी 2 टक्क्यांनी घटली आणि उत्पादन 3 टक्क्यांनी वाढलं. 1.03 × 0.98 = 1.0094. म्हणजे कार्यक्षमता सुधारूनही एकूण वापर वाढतोच, आणि साधारण 74 वर्षांत दुप्पट होतो. शिवाय बचतीमुळे वस्तू स्वस्त झाली की खप वाढू शकतो. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने कोळशाबाबत हे 1865 मध्येच दाखवलं होतं. पुनर्वापराचंही तसंच: दर फेरीत 90 टक्के धातू परत मिळाला तरी सात फेऱ्यांनंतर मूळ धातूचा निम्म्याहून कमी भाग उरतो.

एखाद्या देशाचं उत्सर्जन घटल्याचा आकडा आला तर तो उत्पादनावर मोजलाय की उपभोगावर, हे विचारा. कारखाने सीमेपलीकडे गेले तरी पहिला आकडा खाली येतो.

दाखले दोन्ही बाजूंचे तयार ठेवा. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या कॉड माशांचा साठा कोसळला आणि 1992 मध्ये मासेमारी थांबवावी लागली; त्याआधी तिथे कोटे होते, शास्त्रज्ञही होते, पण साठ्याचा अंदाजच फुगलेला होता. उलट ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांना आळा घालणाऱ्या 1987 च्या माँट्रियल कराराने ओझोनचा ऱ्हास रोखला, कारण या रसायनांचे उत्पादक मोजके होते आणि पर्यायी रसायनं मिळाली. आशावादी वक्ता इथेच थांबेल. त्याला पुढचं विचारा: पर्याय म्हणून आलेले, फ्रिज-एसीत वापरले जाणारे एचएफसी वायू ओझोनला बाधत नाहीत, पण तापमान वाढवतात, आणि त्यांना आवरायला 2016 मध्ये रवांडातल्या किगालीत याच करारात वेगळी दुरुस्ती करावी लागली. मग हे यश कोणाच्या खात्यात मांडायचं?