कॉमिक्सचे अंक मधल्या घडीतून शिवून घेतले

बेळगावच्या पावसाळ्यात कपाटातली हवा इतकी दमट होते की, माझ्याकडील इंद्रजाल कॉमिक्सच्या (१९६४ ते १९९०) ४० मराठी अंकांच्या पिना गंजून मधल्या पानांवर तांबूस डाग पडू लागले, म्हणून ते पक्क्या पुठ्ठ्यात बांधून घेण्याचे मी ठरवले.

पहिले १० अंक शहरातल्या एका बाइंडरकडे दिले. त्याने ते एकावर एक रचून कडेने टोचून शिवले आणि तिन्ही बाजू मशीनवर छाटल्या; परिणामी पुस्तक पुरते उघडेना, आतल्या कडेचे संवादांचे फुगे शिलाईत गेले आणि एका मुखपृष्ठावरचा अंकाचा क्रमांकच कापला गेला. मला फार वाईट वाटले, कारण छाटलेला कागद परत मिळत नाही.

उरलेले अंक घेऊन खानापूरच्या एका वयस्कर कारागिरांकडे गेलो. पिना मी घरीच काढल्या होत्या: मधल्या पानावर वळलेले त्यांचे पाय बोथट सुरीने आधी सरळ करावेत, नुसते ओढल्यास घडीचा कागद फाटतो. काकांनी प्रत्येक अंक स्वतंत्र फर्मा (एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा) मानून, पिनांच्या जुन्या छिद्रांतूनच मेण लावलेला दोरा ओवून तो कण्यावरच्या फितींना शिवला आणि छाटणी मुळीच केली नाही. चिकटवायच्या खळीत त्यांनी चिमूटभर मोरचूदही (कॉपर सल्फेट) घातले, कारण साध्या खळीला कसर लवकर लागते.

आता या ३० अंकांचे तीन खंड टेबलावर सपाट उघडतात. शहरात बांधलेला पहिल्या १० अंकांचा खंड दाखवल्यावर काका म्हणाले, "भोकं पडली ती पडली, पण उसवून पुस्तक उघडंल एवढं करतो."