सॉकेट, म्हणजे प्रोग्रामकडचं सर्व्हरशी असलेल्या जोडणीचं टोक, उघडं ठेवायचं की दर वेळी नव्याने जोडायचं?

आधी सर्व्हरला पिंग करून (छोटा चाचणी संदेश पाठवून) एका फेरीला, म्हणजे जाऊन परत यायला, किती वेळ लागतो ते बघा. समजा 200 मिलिसेकंद आले. जोडणी उभी करणाऱ्या टीसीपीच्या हँडशेकला एक फेरी, ती जोडणी कूटबद्ध करणाऱ्या टीएलएस 1.3 ला आणखी एक, आणि मग कुठे तुमची विनंती निघते. 200 मिलिसेकंदांच्या कामाला 600 लागले. दिवसातून एकदा हवामान विचारणाऱ्या प्रोग्रामला याचं काही नाही: जोडा, विचारा, बंद करा. मिनिटाला वीस विनंत्या असतील तर मात्र दर वेळी नव्याने ओळखपाळख कशाला? उघडंच ठेवा.

उघडं ठेवलं की खरी कटकट सुरू होते. पलीकडच्या मशीनची वीज गेली किंवा मधल्या राउटरने जोडणीची नोंद पुसली, तर तुम्हाला कुणी सांगायला येत नाही. सॉकेट जिवंतच दिसतं. लिनक्सवर कीपअलाइव्ह (गप्प जोडणी जिवंत आहे का ते तपासणारी सोय) मुळात बंद असतं. चालू केलं तरी पहिली चाचणी 7200 सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. हा आकडा 60 च्या आसपास आणा. उत्तर वाचायला वेगळा टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मर्यादा, लावा.

मग सर्व्हर किती वेळ गप्प बसू देतो ते शोधा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ती मर्यादा मुळात 28800 सेकंद, म्हणजे बरोबर आठ तास असते. संध्याकाळी ऑफिस बंद झालं की सकाळची पहिलीच क्वेरी आपटते, दुसरी चालते, आणि माणूस डोकं खाजवत बसतो! उपाय सोपा आहे: सर्व्हरने तोडण्याआधी क्लायंटनेच जुनी जोडणी सोडून द्यावी.

पुन्हा जोडण्याचा कोड तरीही लिहायचाच. 1, 2, 4, 8 सेकंद असं थांबत जा, 30 च्या वर नको, आणि प्रत्येक थांब्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. नाहीतर सर्व्हर उठताक्षणी सगळे क्लायंट एकदम त्याच्या अंगावर जातात. जोडल्यावर लॉगिन पुन्हा करावं लागतं. अर्धवट राहिलेली विनंती मात्र डोळे मिटून परत पाठवू नका. पैसे वळते करण्याची असेल तर दोनदा जातील. अशा विनंतीला स्वतःचा क्रमांक द्या, म्हणजे सर्व्हरला दुसरी ओळखता येते.

शेवटी नेटस्टॅट ही जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा चालवा. क्लायंटवर टाइम-वेटचा (बंद केल्यावरही काही वेळ रेंगाळणाऱ्या जोडण्यांचा) ढीग दिसला तर तुम्ही नको तितकं तोडताय. लिनक्सवर अशी प्रत्येक जोडणी 60 सेकंद एक पोर्ट (जोडणीसाठी मशीनवर लागणारा क्रमांक) अडवून ठेवते, आणि मूळ सेटिंगमध्ये पोर्ट 28,232 च असतात. एकाच सर्व्हरकडे सेकंदाला साधारण 470 जोडण्यांच्या पुढे गेलात की पोर्ट संपतात.