फूटीमधला ‘टफ’ प्लेअर ओळखताना या चुका टाळा

मेलबर्न किंवा पर्थला राहायला आलात की ऑफिसमध्ये कोणीतरी विचारणारच, फूटीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, तुझी टीम कोणती. मग टिपिंगच्या, म्हणजे कोण जिंकणार याचे अंदाज लावायच्या, ग्रुपमध्ये नाव जातं, मग फँटसी टीम होते, आणि मग आपल्यालाही मतं फुटायला लागतात. त्यातलं सगळ्यात पहिलं मत बहुतेक सगळ्यांचं सारखंच असतं, की अरे तो बघ, काय आडवा केला त्याला, असा माणूस पाहिजे आपल्या टीममध्ये! टफ प्लेअर पाहिजे हे खरंच आहे, पण तो नक्की कशासाठी पाहिजे हे कळलं नसेल तर पुढची सगळी गणितं चुकतात.

चूक १ : जोरात धडक दिली म्हणजे काम झालं

१९८९ ची ग्रँड फायनल, म्हणजे सीझनची अंतिम मॅच. एमसीजीवर हॉथॉर्न विरुद्ध जिलॉन्ग. मॅच सुरू झाल्या झाल्या जिलॉन्गचा मार्क येट्स धावत आला आणि त्याने हॉथॉर्नच्या डरमॉट ब्रेरेटनला असा काही शर्टफ्रंट मारला, म्हणजे समोरून छातीवर धडक, की ब्रेरेटनच्या बरगड्या मोडल्या. तो बाहेर जायला तयार झाला नाही, वाकत-कण्हत फॉरवर्डला जाऊन उभा राहिला आणि थोड्याच वेळात त्याने मार्क घेऊन, म्हणजे किकचा बॉल हवेतच झेलून, गोल केला. ही गोष्ट तुम्हाला इथे कोणीही सांगेल, डोळ्यांत पाणी आणून सांगेल. पण पुढचं कोणी सांगत नाही. जिलॉन्गचं लक्ष माणसांवर होतं तेवढ्यात हॉथॉर्न बॉल खेळत राहिले आणि पहिल्या क्वार्टरअखेर ते ४० पॉइंटनी पुढे होते. शेवटी हॉथॉर्न १४४-१३८ ने जिंकले, म्हणजे फक्त एका गोलचा (६ पॉइंटचा) फरक, आणि तेही जिलॉन्गच्या गॅरी अॅब्लेटने एकट्याने ९ गोल मारून. आता सांगा त्या धडकेची किंमत काय? माझ्या मते त्या दिवशी टफ ब्रेरेटन होता, येट्स नाही.

तपासायची रीत सोपी आहे. धडक झाली की धडक देणाऱ्याकडे बघत बसू नका, पुढचे तीन-चार सेकंद बॉल कोणाकडे जातोय ते बघा. आपल्या टीमला मिळाला तर ती धडक कामाची, नाहीतर नुसतीच करमणूक.

चूक २ : फक्त उंची आणि वजन बघणं

इझ्राएल फोलाऊचं उदाहरण सगळ्यात भारी. रग्बी लीगमधला सुपरस्टार, धिप्पाड, हवेत उडी मारणारा, एएफएलने, म्हणजे फूटीच्या मोठ्या लीगने, मोठे पैसे देऊन त्याला नव्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी टीममध्ये आणला. २०१२ मध्ये १३ मॅच खेळला, २ गोल झाले आणि तो रग्बी युनियनकडे गेला. ताकद कमी पडली असं नाहीच. रग्बीत समोरचा साधारण समोरूनच येतो, इथे ३६० डिग्रीत कुठूनही येतो, शिवाय ग्राउंड एवढं मोठं की दिवसभर पळायचं, आणि कुठे उभं राहायचं ही समज लहानपणापासून खेळूनच येते.

याच्या अगदी उलट टोनी लिबरेटोर. उंची १६३ सेंटीमीटर, म्हणजे आपल्याकडच्या लोकलमध्ये दाराशी उभा असता तर दिसलाही नसता. पण टॅकल करायला चिकटला की सुटायचा नाही, आणि १९९० मध्ये ब्राउनलो मेडल, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम प्लेअरचा मान, घेऊन गेला.

चूक ३ : ज्याने लांब किक मारली त्यालाच सगळं क्रेडिट

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि हायलाइट्स बघणाऱ्यांची तर हमखास होते, कारण हायलाइट सुरूच होतो बॉल गर्दीतून बाहेर आल्यावर. खरी मारामारी त्याच्या आधी झालेली असते. कार्लटनचा कॅप्टन पॅट्रिक क्रिप्स बघा. स्टॉपेजला, म्हणजे खेळ थांबून पंच पुन्हा सुरू करतात तेव्हा, बॉल वर जातो, खाली पडतो, पाच-सहा जण त्याच्यावर, क्रिप्स वाकून बॉल घेतो, दोघं त्याच्या अंगावर लटकलेले, एक हात कसाबसा मोकळा ठेवून तो हँडबॉल, म्हणजे मुठीने मारलेला पास, बाहेर ढकलतो, बाहेर एखादा पळणारा गडी मोकळा मिळतो, तो पन्नास मीटर किक मारतो आणि आपण म्हणतो वा काय किक. त्या पळणाऱ्याला मोकळीक का मिळाली? कारण समोरच्या टीमचे दोघं-तिघं क्रिप्सला धरण्यात अडकले होते. कबड्डीत कॉर्नरने घोटा धरून ठेवलेला असतो आणि टाळ्या शेवटी येऊन आडवं पाडणाऱ्याला मिळतात, तसंच आहे हे. पंचांना मात्र हे दिसतं, कारण ते जवळ असतात. ब्राउनलोची मतं पंचच देतात आणि २०२४ मध्ये त्यांनी क्रिप्सला ४५ मतं दिली, रेकॉर्ड.

मॅचनंतर आकडे बघायचेच असतील तर एकूण डिस्पोजल (किक आणि हँडबॉल मिळून) नका बघू, कंटेस्टेड पझेशन (झटापटीतून मिळवलेला बॉल) आणि क्लिअरन्स (स्टॉपेजमधून बाहेर काढलेला बॉल) बघा. मोकळ्या जागेत मिळालेले तीस बॉल आणि गर्दीतून ओढून काढलेले पंधरा बॉल यांत मी पंधरावाला घेईन.

टॅकलचंही तेच. हातात बॉल असताना खेळायची संधी मिळाली होती, तरी टॅकल झाल्यावर नीट किक किंवा हँडबॉल केला नाही तर फ्री किक जाते, हे तर माहितीच असेल. पण टॅकलची अर्धी किंमत न झालेल्या टॅकलमध्ये असते. मागून कोणीतरी येतोय या भीतीने डिफेंडर घाईघाईत कुठेतरी किक मारतो, ते कुठल्याच कॉलममध्ये दिसत नाही. २०१७ ची रिचमंड टीम आठवा, पुढे उंच म्हणावा असा एकटा जॅक रिवोल्ट आणि बाकी सगळे छोटे, चपळ, चावरे फॉरवर्ड, त्यांनी समोरच्या डिफेंडरना श्वास घेऊ दिला नाही आणि ग्रँड फायनल अॅडलेडविरुद्ध ४८ पॉइंटनी जिंकली.

चूक ४ : फँटसीचे पॉइंट म्हणजेच प्लेअरची लायकी

एएफएल फँटसीत किकचे ३, हँडबॉलचे २, टॅकलचे ४, आणि फ्री किक दिलीत तर ३ वजा. ठीक आहे, टॅकलला मान आहे. पण शेफर्डला, म्हणजे मित्राच्या वाटेत येणाऱ्याला अंगाने अडवण्याला, काही नाही. हवेतला बॉल मुठीने उडवून लावला त्यालाही काही नाही. फँटसीत कोणाला घ्यायचं ते खुशाल तिथल्या पॉइंटवर ठरवा, फक्त तोच आकडा घेऊन टीममध्ये कोण पाहिजे यावर वाद घालू नका.

चूक ५ : चिडका आणि टफ एकच समजणं

अँड्र्यू गॅफ, वेस्ट कोस्टचा, एरवी शांत म्हणून ओळखला जाणारा. २०१८ मध्ये फ्रीमँटलच्या अँड्र्यू ब्रेशॉला बॉल दूर असताना ठोसा मारला, पोराचा जबडा मोडला. आठ मॅचची बंदी. त्याच वर्षी वेस्ट कोस्ट ग्रँड फायनल ५ पॉइंटनी जिंकली आणि गॅफ बाहेर बसून बघत होता. बंदी आली की ब्राउनलोही हातचा जातो, १९९७ मध्ये क्रिस ग्रँटला सगळ्यात जास्त मतं पडली आणि मेडल मिळालं नाही, एका मॅचच्या बंदीमुळे.

नियम लक्षात ठेवा, बम्प, म्हणजे खांद्याने दिलेली धडक, चालतो पण बॉल पाच मीटरच्या आत पाहिजे आणि डोक्याला लागता कामा नये, टॅकल खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. सिडनीचा ब्रेट कर्क बौद्ध साधना करणारा माणूस, मैदानात मात्र बॉलवर झेप घ्यायला कधी कचरला नाही, २००५ ची प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलेल्या टीममधला तो एक कणा होता. असा एक प्लेअर टीममध्ये असला की बाकीचे पण मान खाली घालून गर्दीत घुसतात.

चूक ६ : डोक्याला लागलं तरी खेळला म्हणून कौतुक

कपाळावर पट्टी बांधून खेळायचा तो जिलॉन्गचा जोएल सेलवुड सगळ्यांना आवडायचा, मलाही. पण कापलेलं कपाळ वेगळं आणि डोक्याच्या आत बसलेला मार वेगळा. डॅनी फ्रॉली, शेन टक, पॉली फार्मर, या तिन्ही माजी प्लेअरच्या मेंदूत मृत्यूनंतर सीटीई सापडला, म्हणजे वारंवार डोक्याला मार बसून होणारा आजार. मेलबर्नचा अँगस ब्रेशॉ २०२३ च्या फायनल्समधल्या एका टकरीनंतर परत खेळू शकला नाही, २०२४ च्या सुरुवातीला त्याने खेळ सोडला. जुन्या व्हिडिओखाली ‘तेव्हाचे प्लेअर खरे मर्द’ अशा कमेंट दिसतात, त्यांना हे दाखवा.

घरातलं पोरगं फूटी खेळत असेल तर हे जास्त महत्त्वाचं. ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटीला, टॅकल नसतोच, टॅकल नंतर वयाप्रमाणे हळूहळू येतो. पुढे लोकल क्लबकडून खेळताना कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला धक्का, झालं तर किमान २१ दिवस मॅच नाही, मोठ्या लीगमध्ये हे १२ दिवस आहे पण तिथे डॉक्टरांची फौज असते. कोच म्हणाला ‘पोरगा टफ आहे, शनिवारी खेळेल’ तरी सरळ नाही म्हणा, डॉक्टरची चिठ्ठी मागा, आणि माउथगार्ड डेंटिस्टकडून मापाचं करून घ्या.