ॲबस्ट्रॅक्ट स्टॉप मोशन करताय? या चुका टाळा

ॲबस्ट्रॅक्ट स्टॉप मोशन म्हणजे साधे आकार थोडे थोडे सरकवत एकेक फोटो काढायचा आणि ते सलग चालवून हालचाल दाखवायची. यात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तोल, लय, कॉन्ट्रास्ट, पुनरावृत्ती ही डिझाइनची सगळी तत्त्वं एकाच १० सेकंदांच्या क्लिपमध्ये कोंबायचं. मग गोल, त्रिकोण, पट्ट्या सगळं एकदम पळत सुटतं आणि बघणाऱ्याला नुसती वळवळ दिसते. इथे पात्र नाही, गोष्ट नाही, त्यामुळे डोळ्याला धरायला एकच काहीतरी द्या. तोल ठरवला ना, मग फक्त तोल.

आणि पोस्टरमधला तोल जागच्या जागी असतो, इथला आधी बिघडतो आणि मग सावरतो, खरी मजा त्या मधल्या वेळात आहे. मोठा काळा गोल डावीकडून आत आला की फ्रेम त्या बाजूला जड होते, लगेच उजवीकडे दुसरा मोठा गोल आणू नका, १२ फ्रेम म्हणजे १२ फोटो तसंच राहू द्या, जरा अस्वस्थ वाटू द्या, मग लांब उजव्या कडेला एकेक करून तीन छोटे लाल ठिपके येऊ द्या. तिसरा ठिपका बसला की तोल सावरलेला अक्षरशः जाणवतो, मला हे दरवेळी भारी वाटतं!

हालचाल मशीनसारखी दिसतेय? प्रत्येक फोटोला सारखंच अंतर सरकवत असणार. १, २, ४, ७ मिलिमीटर असं वाढवत न्या आणि थांबताना तसंच उलटं कमी करा. सेकंदाला १२ फोटो पुरतात.

व्हिडिओ लुकलुकतोय तर आधी कॅमेऱ्याचं ऑटो एक्सपोजर (उजेड), ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगछटा), ऑटोफोकस बंद करा, खिडकी झाका आणि पांढरा शर्ट घालून टेबलाशी उभे राहू नका कारण त्याचा उजेड कागदावर पडतो. सगळं मॅन्युअल करूनही लुकलुकतंय? डीएसएलआर असेल तर लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, दर फोटोला किंचित वेगळं बंद होत असतं, ते पूर्ण उघडं ठेवून बघा.

कॅमेऱ्याला धक्का लागला तर तसंच पुढे रेटू नका, ओनियन स्किन (ॲपमध्ये आधीची फ्रेम पुसट दिसण्याची सोय) लावून शेवटच्या फ्रेमशी जुळवा, नाहीच जुळलं तर तिथेच कट घ्या आणि नवीन रचनेपासून सुरू करा. कागदाच्या कडा उचलल्या जाऊन सावल्या नाचत असतील तर जाड कार्डशीट घ्या, पातळ कागद दिव्याच्या उष्णतेने वाकतोच.